वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन घरच्या घरी कसं करावं

वडिलांना एक्याऐंशीवं लागणार म्हटलं की घरात दोन गट पडतात. एका गटाला लगेच हॉल, केटरर आणि फोटोग्राफर दिसू लागतात. दुसरा म्हणतो, ‘आत्ता कशाला, नव्वदीला बघू.’ या दोन्ही गटांनी एक साधी गोष्ट विचारलेली नसते: बाबा एका जागी किती वेळ आरामात बसू शकतात? माझ्या मते सगळं नियोजन या प्रश्नापासून सुरू व्हावं. उत्तर सव्वा तास असेल, तर कार्यक्रम सव्वा तासाचा. पाहुणे, भाषणं, दिवे, फोटो सगळं त्यात मावायला हवं. जे मावणार नाही ते गाळायचं, किंवा दुसऱ्या दिवशी करायचं.

हे टिपण ज्यांच्या घरी असा सोहळा पहिल्यांदाच होतो आहे त्यांच्यासाठी. साठीला किंवा पंच्याहत्तरीलाही यातलं बरंच लागू पडेल. दिव्यांची संख्या तेवढी बदला.

आधी दिवस नक्की करा

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे आयुष्यात हजार पौर्णिमा पाहून झाल्या. बारा महिन्यांचं वर्ष धरून हिशेब मांडला तर त्र्याऐंशी वर्षं चार महिने येतात, आणि मग घरातला एखादा इंजिनिअर जावई ‘एक्याऐंशीला कसं काय?’ म्हणून अडून बसतो. त्याला अधिक महिन्यांची आठवण करून द्या. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. हजार पौर्णिमांचे होतात सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि जवळपास १० महिने. रूढीत ८० वर्षं ८ महिने सांगतात. कोणी ऐंशी पूर्ण होताच करतात, कोणी एक्याऐंशी पूर्ण झाल्यावर. थोडक्यात, तुमच्या हातात वर्षभराचा अवकाश आहे. तिथीवरून भांडण्यापेक्षा हवा बघा. मे महिन्याच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात वडिलांच्या वयाचे पाहुणे घराबाहेर पडत नाहीत, आणि बाबांना भेटायची असतात ती नेमकी हीच माणसं. कार्तिक ते माघ हा काळ सगळ्यात सोयीचा. शांत (वयाच्या टप्प्यावर करायचा पूजा-हवनाचा विधी) करायची असेल तर पितृपक्ष आणि अधिक महिना सहसा टाळतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे.

आता जन्मतारखेची गंमत. त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख असते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वय अंदाजे धरून जूनची पहिली तारीख लिहून टाकली, आणि तीच पुढे नोकरीत, पेन्शनमध्ये आणि आधार कार्डावर चढली. खरी तारीख शोधायची तर पत्रिका, आजोळच्या जुन्या वह्या आणि हयात असलेली एखादी आत्या हे तीन मार्ग. आत्याला साल विचारू नका, प्रसंग विचारा. ‘मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा बाबा जन्मले होते का?’ (तो १४ एप्रिल १९४४ चा.) ‘स्वातंत्र्य मिळालं तेव्हा चालत होते का?’ ‘गांधीजी गेले तेव्हा शाळेत जात होते का?’ महिना कोणता हे सणांवरून निघतं: ‘गौरी बसल्या होत्या’, ‘सुगी चालू होती’. इतकं करूनही तारीख हाती लागली नाही तर १ जून सोडा आणि बाबांना आवडेल तो दिवस धरा.

बाबांना विचारा, पण कसं?

सरप्राइज या वयात नको. दार उघडताच साठ माणसं एकदम ओरडली तर रक्तदाब वाढतो. शिवाय घरातल्या जुन्या बनियनमध्ये सगळ्यांसमोर उभं राहावं लागणं कुणालाच आवडत नाही.

‘मोठा कार्यक्रम करू या का?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: ‘कशाला उगाच खर्च!’ हा नकार असतोच असं नाही. नेमके प्रश्न विचारा. कोणाला बोलवायचंच? कोणाला नको? (हा प्रश्न आई समोर नसताना.) पूजा हवी की नको? भाषणं चालतील का? गावी करायचं की इथेच? नावांची यादी ते स्वतः सांगू लागले की समजायचं, मनातून हवं आहे. कारखान्यातला जोडीदार, पहिल्या चाळीतले शेजारी, कधीकाळी शिकवलेला विद्यार्थी अशी नावं त्या यादीत निघतात आणि ती तुमच्या फोनमध्ये नसतात. ती शोधायला महिनाभर हाताशी ठेवा. एखादा गेल्याचं कळेल. ते बाबांना कार्यक्रमाच्या आधीच शांतपणे सांगा, समारंभात कुणाच्या तरी तोंडून कळायला नको.

आणि त्यांनी खरोखरच नाही म्हटलं तर नाही. मग घरची माणसं, पुरणपोळी आणि संध्याकाळी औक्षण, एवढंच करा. तेही पूर्ण सहस्रचंद्रदर्शनच.

शांत आणि समारंभ, दोन वेगळे दिवस

वयाच्या टप्प्यांवर करायच्या शांतींची गुरुजींकडे मोठी यादी असते: साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंच्याहत्तरीला ऐंद्री, ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन, पंच्याऐंशीला रौद्री. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, कलश, नवग्रह, हवन, पूर्णाहुती, अभिषेक असं सगळं साग्रसंगीत करायचं तर तीन-चार तास सहज जातात. त्यानंतर त्याच माणसाला हार घालून दुपारी स्टेजवर बसवणं हा छळ आहे. शांत आदल्या दिवशी किंवा आठवडाभर आधी घरी उरकून घ्या आणि त्या दिवशी घरच्यांपलीकडे कुणाला बोलवू नका.

गुरुजींशी आधी मोकळेपणाने बोला. संकल्प, पूर्णाहुती आणि अभिषेक यांना बाबा बसतील, मधल्या वेळी मुलगा-सून बसतील, हे बहुतेक गुरुजी मान्य करतात. पाटावर मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालते; तसं आधीच सांगून ठेवा म्हणजे मांडणी त्या उंचीची होईल. दमा असेल तर हवन गच्चीत किंवा अंगणात. अभिषेकाच्या वेळी, काही घरांत चाळणीतून, कलशाचं पाणी अंगावर घालतात. ते कोमट असू द्या, आणि पंचा, कोरडे कपडे व चालायला कोरडी फरशी तयार ठेवा. ओल्या फरशीवर पाय घसरला तर सगळा सोहळा दवाखान्यात जाईल.

आईला त्याच दिवशी तेवढाच मान हवा. पूजेला ती शेजारी असतेच, पण तिच्यासाठी नवीन साडी आणि हार विसरणारी घरं पाहिली आहेत. काही ठिकाणी दोघांना पुन्हा मुंडावळ्या बांधून मंगलाष्टकं म्हणतात. आईला विचारून करा. सगळ्याच आयांना ते रुचत नाही. आई हयात नसेल तर बाबांनी विधीला कसं बसायचं हे गुरुजींना वेगळा फोन करून विचारून ठेवा, ऐन वेळी सगळ्यांसमोर तो विषय निघू देऊ नका.

शांत नकोच असेल तर वाढदिवसाचा जुना घरगुती विधी आहे, त्याला गुरुजीही लागत नाहीत. ताम्हनात तांदळावर सुपाऱ्या मांडायच्या: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृपाचार्य आणि परशुराम हे सात चिरंजीव आणि आठवे मार्कंडेय. गंध, फूल, अक्षता वाहायच्या आणि मग तीळ-गूळ घातलेलं थोडं दूध बाबांना द्यायचं. दहा मिनिटांत होतं. बौद्ध घरांत वंदना, ख्रिस्ती घरांत आभाराची मिस्सा, आणि देवधर्म न मानणाऱ्या घरात नुसत्या गप्पा. बाबा आयुष्यभर ज्यावर विश्वास ठेवून जगले, त्याला धरून करा. नास्तिक बापाला ऐंशीव्या वर्षी होमासमोर बसवू नये.

एक्याऐंशी दिव्यांचं औक्षण

सोहळ्याचा गाभा हाच, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. म्हणून जरा सविस्तर.

दिवे कणकेचे करा. एक्याऐंशी छोट्या दिव्यांना किलोभर कणीक पुरते. हळद घालून घट्ट मळायची, लिंबाएवढ्याहून लहान गोळे घेऊन अंगठ्याने खळगा पाडायचा आणि चाळणीवर दहा-पंधरा मिनिटं वाफवायचे. न वाफवलेले दिवे तडकतात आणि तूप गळतं. हे काम आदल्या संध्याकाळी नातवंडांना द्या. त्यांना आवडतं आणि वाकडेतिकडे दिवे शोभूनही दिसतात. फुलवाती रात्रीच पातळ तुपात बुडवून थिजू द्या. सकाळी एकेक उचलून दिव्यात ठेवली की झालं, बुधलीने तूप ओतत बसावं लागत नाही.

मोठ्या परातीत तांदळाचा थर द्या आणि त्यावर दिवे मांडा, म्हणजे ते सरकत नाहीत आणि परातही कमी तापते. पेटवायला किमान चौघं लागतात. मधून सुरुवात करून बाहेर या, नाहीतर कडेच्या ज्योतींवरून हात न्यावा लागतो. एकट्याने पेटवत बसलात तर शेवटचा लागेपर्यंत पहिला विझायला आलेला असतो. पंखे बंद. पदर खोचलेले, ओढण्या बांधलेल्या.

आता महत्त्वाचं: ती परात उचलून ओवाळू नका. पेटलेल्या एक्याऐंशी ज्योतींची परात जड असते, प्रचंड तापते, आणि बाबांच्या चेहऱ्यासमोर इतकी धग नको. परात त्यांच्यासमोर चार हातांवर बुटक्या टेबलावर ठेवा. ओवाळायला नेहमीचं तबक: निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. कुंकू लावायचं, डोक्यावर अक्षता टाकायच्या, अंगठी-सुपारीने ओवाळायचं, मग निरांजनाने. एकेकीने पाच मिनिटं घेतली तर बाबा दमतात. तिघी-चौघींनी एकत्र ओवाळलं तरी चालतं. घरात ऑक्सिजनचं यंत्र चालू असेल तर त्या खोलीत एकही ज्योत नको. तिथे बॅटरीवरचे दिवे लावा, त्यात कमीपणा नाही.

औक्षण कोणी करायचं? लेकी, सुना, नाती, बहिणी. आणि जिचे यजमान गेले आहेत ती बहीणही. पहिला मान तिलाच द्या. आयुष्यभर ज्या भावाला तिने राखी बांधली, त्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिने मागे भिंतीला टेकून उभं राहायचं, ही रीत आपल्या घरापुरती तरी मोडता येते. ती आधी ‘नको नको’ म्हणेल, म्हणून ही गोष्ट दोन दिवस आधी बाबांनीच तिला फोन करून सांगावी. थोरल्या भावाच्या शब्दापुढे आत्याचं काही चालत नाही.

नातवंडांना केक हवा असेल तर आणा. मात्र मेणबत्त्या फुंकायचा आग्रह नको. दिवे लावायच्या दिवशी दिवा विझवणं बऱ्याच बाबांना खटकतं, ते बोलून दाखवत नाहीत इतकंच.

तुला करायची असेल तर

गुळाची, धान्याची, वह्यापुस्तकांची तुला करायची चाल आहे. मोठा तराजू मांडववाल्याकडे भाड्याने मिळतो, पण त्या हलत्या पारड्यात ऐंशीच्या माणसाला चढवणं धोक्याचं आहे. सोपा उपाय म्हणजे घरच्या वजनकाट्यावर आदल्या दिवशी वजन करायचं आणि तेवढं धान्य किंवा पुस्तकं समारंभात बाबांच्या शेजारी रचून ठेवायची. भार तोच, पुण्यही तेच.

वस्तू ठरवण्याआधी घेणारा ठरवा. ज्या वृद्धाश्रमाला किंवा वसतिगृहाला द्यायचं त्यांना फोन करा. बासष्ट किलो गूळ एकदम मिळून ते काय करतील? बहुतेकांना तांदूळ, तूरडाळ, तेल हवं असतं. बाबा ज्या शाळेत शिकले ती अजून चालू असेल तर तिच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांची यादी मुख्याध्यापकांकडून मागवा. घरातली रद्दी ‘ग्रंथतुला’ म्हणून खपवू नका.

जागा, वेळ, निमंत्रण

सकाळी साडेदहा ते एक, ही वेळ उत्तम. रात्रीचा कार्यक्रम त्या वयाच्या पाहुण्यांना परतीच्या काळजीचा. हॉल तळमजल्यावर किंवा लिफ्टचा हवा. बघायला जाल तेव्हा आधी स्वच्छतागृह बघा: स्टेजपासून किती लांब, पायरी आहे का, कमोड आहे का, धरायला काही आहे का. बाबांची खुर्ची हातांची आणि पुरेशी उंच हवी. लग्नातल्या त्या मऊ सिंहासनात ऐंशीचा माणूस रुतून बसतो आणि उठताना दोघांना ओढावं लागतं. वाकून नमस्कार करणाऱ्यांची रांग पंधरा मिनिटांत आवरा. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवताना त्यांचा खांदा भरून येतो.

पत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ लिहिलंत तरी लोक शाली आणतातच. त्यांची व्यवस्था आधी ठरवा.

भाऊ किंवा बहीण परदेशात असेल आणि येता येत नसेल, तर त्यांना मुख्य कार्यक्रमात व्हिडिओवर जोडण्याचा हट्ट नको. आपले सकाळचे साडेदहा म्हणजे न्यूयॉर्कला हिवाळ्यात मध्यरात्र, आणि हॉलच्या गोंगाटात बाबांना एक शब्दही ऐकू येत नाही. संध्याकाळी साडेसहाला, घरी, बाबांनी डुलकी काढल्यावर वेगळा फोन ठेवा. तिकडे सकाळचे आठ असतात, लंडनला दुपारचा एक. तो अर्धा तास त्यांना समारंभाहून जास्त आवडेल.

मानपत्र आणि बाबांचं बोलणं

‘कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय, निगर्वी.’ ही चार विशेषणं कुठल्याही वडिलांना चिकटवता येतात, म्हणून ती लिहू नका. काय केलं ते लिहा. पहाटेची पाळी करून आल्यावर मुलीला सायकल शिकवली. भावाच्या शिक्षणासाठी घराचा हप्ता दोन वर्षं लांबवला. दर श्रावणात एकच मोगरा कुंडीतून कुंडीत हलवला. अशा सहा-सात गोष्टी पुरेत. तीनशे शब्दांच्या आत ठेवा, वाचायला तीन मिनिटं लागतील. मोठ्या अक्षरात छापा म्हणजे त्यांना नंतर स्वतः वाचता येईल. वाचणारा घरातलाच असावा, निवेदक नको. बाबांचे दोष विनोदाने सांगायचे असतील तर ते आईकडून तपासून घ्या.

त्या गोष्टी मिळवायच्या कशा? महिनाभर आधी, दुपारच्या चहाला, जुने फोटो घेऊन बसा. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की बाबा गप्प होतात. ‘हा फोटो कोणी काढला? हा शर्ट कुठला? पहिला पगार किती, आणि त्याचं काय केलंत?’ असं विचारलं की गाडी सुटते. फोन उपडा ठेवून आवाज मुद्रित करा. कॅमेरा समोर धरला की ते भाषण करू लागतात. फोटोतल्या माणसांची नावं तेव्हाच मागे मऊ पेन्सिलीने लिहून घ्या. ती नावं सांगू शकणारा घरातला तो शेवटचा माणूस असण्याची शक्यता मोठी आहे.

समारंभात भाषणं तीनच, प्रत्येकी तीन मिनिटं. स्थानिक नेत्याला बोलावलंत तर हा हिशेब विसरा. बाबा श्रवणयंत्र लावत असतील तर त्यांची खुर्ची स्पीकरच्या समोर ठेवू नका, आणि बॅटरी सकाळीच बदला. त्यांचं मनोगत सगळ्यात शेवटी नको, औक्षणानंतर लगेच, ताजेतवाने असताना घ्या. ते लांबलं तर लांबू द्या. त्यात १९७२ चा दुष्काळ येईल, साहेबांशी झालेलं भांडण येईल, आणि ते कुणाचे तरी आभार मानायचे विसरतील. घड्याळ दाखवू नका. इतरांची भाषणं कापून हीच वेळ वाचवलेली असते.

जेवण

बाबांच्या दातांना झेपेल असं: वरणभात-तूप, मऊ मसालेभात, अळूची पातळ भाजी, मठ्ठा, शेवयांची किंवा गव्हल्यांची खीर. त्यांच्या गोळ्यांची आणि जेवणाची वेळ पाहुण्यांसाठी पुढे ढकलायची नाही. इन्सुलिन घेत असतील तर हे अजिबात सोडू नका. साडेबाराला त्यांचं ताट वाढा, सोबत त्यांचे दोन-तीन मित्र बसवा. गोड किती खायचं यावर त्या दिवशी चारचौघांत टोकू नका. आधीच वाटी लहान घ्या.

भेट काय द्यावी

शाली, घड्याळं, चांदीचे पेले कपाटात जातात. त्यापेक्षा मोतीबिंदूची तपासणी, नवं श्रवणयंत्र, न्हाणीघरात धरायला पक्के दांडे, किंवा लहानपणीच्या गावी एक फेरी. राज्यात ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. गाडीने नेलंत तरी शेवटचा टप्पा एसटीने करा, फुकट तिकिटाचा आनंद त्यांना कुठल्याही शालीपेक्षा जास्त होतो.

कागदपत्रांची भेटही द्या. सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचं उपचार-संरक्षण मिळतं. कार्ड काढलेलं नसेल तर काढून द्या. केंद्र सरकारचे निवृत्त असतील तर ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळायला हवी, ८५ ला ती ३० टक्के होते. इथे दाखल्यावरची १ जूनच धरली जाते, आत्याने सांगितलेली तारीख नाही. ती वाढ जमा झाली का, हे पासबुकात बघा. हयातीचा दाखला ऐंशीपुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी

दोन दिवस कुणालाही घरी बोलवू नका. बाबा दमलेले असतात आणि थोडे चिडचिडेही होतात. ते साहजिक आहे. कणकेचे दिवे जळकी वात काढून गाईला घाला, परातीतले तांदूळ निवडून भाताला घ्या. जे येऊ शकले नाहीत त्यांची यादी आणि फोन बाबांच्या हाताशी ठेवा, पुढचा आठवडाभर रोज दोघा-तिघांशी बोलतील. फोटोग्राफरकडून सातशे फोटो येतील. त्यातले वीस निवडून छापा, आणि यावेळी मागची नावं बाबांच्या हातची असू द्या.